थंडीत द्विनेत्रीतून धूमकेतू कसा पाहावा आणि त्याचं चित्र कसं काढावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ११ फेब्रुवारी २०२३च्या संध्याकाळी झेडटीएफ धूमकेतू मंगळाशेजारी होता, तेव्हा तुम्ही तो कोलशेतच्या गच्चीवरून दहा बाय पन्नासच्या द्विनेत्रीने, म्हणजे बायनॉक्युलरने, शोधलात. दिसला तो राखाडी कापसाचा बोळा. आठवीतल्या लेकीला त्याचं चित्र काढायचं होतं, पण कागदावर नुसता डाग पडला. दुसऱ्या दिवशी मुरबाडजवळ नातेवाइकांच्या शेतावर गेलात. तिथे तासाभरात बोटं वाकेनाशी झाली, काचेवर दव बसलं, कागद सर्दावला. पुढच्या धूमकेतूच्या वेळी काय वेगळं करायचं, आणि मोठी दुर्बीण घ्यायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यातच शाळेत चित्रकला शिकवली आणि गेली पंचवीसेक वर्षं रात्री आकाश काढते. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

दुर्बिणीचं आधी. नवी घेऊ नका. दहा बाय पन्नास ही धूमकेतूसाठी उत्तम आहे. दहा म्हणजे दहापट वाढ, पन्नास म्हणजे पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास. पन्नासला दहाने भागलं की पाच. म्हणजे डोळ्याकडच्या काचेतून पाच मिलिमीटर रुंदीचा झोत बाहेर पडतो. वय वाढतं तशी अंधारातली आपली बाहुली लहान होत जाते आणि पन्नाशीच्या आसपास साधारण तेवढीच उघडते. सात बाय पन्नासचा झोत सात मिलिमीटरचा, त्यातला बराच प्रकाश बाहुलीबाहेर सांडतो. शिवाय शहराचं उजळलेलं आकाश तिच्यातून आणखी पांढुरकं दिसतं, दहाच्या वाढीला ते जरा काळवंडतं. पंधरा बाय सत्तर छान असते, पण ती हातात धरून चित्र निघत नाही, स्टँड लागतोच. आणि दोन डोळ्यांनी पाहण्याचा फायदा मोठ्या एकनळीच्या दुर्बिणीला नाही. प्रत्येक डोळ्याला एक आंधळा ठिपका असतो आणि एकाचा ठिपका दुसरा डोळा भरून काढतो. अंधुक गोष्टी दोन डोळ्यांना एकापेक्षा सहज दिसतात.

इंग्लंडचे जॉर्ज अल्कॉक यांनी मे १९८३ मध्ये एक धूमकेतू शोधला तो घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून, पंधरा बाय ऐंशीच्या द्विनेत्रीने. हे वाचलं तेव्हा मला दुर्बिणीपेक्षा माणसाचं नवल वाटलं. त्यांना हजारो ताऱ्यांच्या मांडण्या तोंडपाठ होत्या. त्यामुळे एखादा पुसट ठिपका ‘इथला नाही’ हे त्यांना लगेच कळायचं. आपल्याला तेवढं पाठांतर जमणार नाही, पण एका रात्रीत दुर्बिणीच्या एका क्षेत्रातले, म्हणजे एका वेळी तिच्यातून दिसणाऱ्या आकाशातले, दहा-बारा तारे कागदावर मांडले की तेवढा तुकडा आपल्यालाही पाठ होतो. मग त्या ताऱ्यांमध्ये काय जास्तीचं आहे ते दिसू लागतं. मला धूमकेतू नीट दिसायला लागतो तो पेन्सिल हातात घेतल्यानंतर. त्याआधी मीही कापूसच पाहत असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी सांगतेय.

कापूस का दिसतो? प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. धूमकेतू सहाव्या प्रतीचा म्हणतात तेव्हा त्याचा सगळा प्रकाश गोळा करून एका ठिपक्यात ठेवला तर सहाव्या प्रतीच्या ताऱ्याएवढा होईल, असा अर्थ असतो. प्रत्यक्षात तो प्रकाश चंद्राच्या अर्ध्या बिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या जागेवर पसरलेला असतो. चमचाभर तूप एका घासावर घातलं तर घास चमकतो. तेच पातेलंभर भातात कालवलं तर तूप घातलंय की नाही हे विचारावं लागतं. ठाण्याचं आकाश मुळात उजळ, त्यामुळे पसरलेला काठ त्यात विरघळतो आणि मधला दाट भाग तेवढा उरतो. तुम्ही पाहिलात तो पूर्ण धूमकेतू नव्हता, त्याचा गाभा होता. आणि फोटोतला हिरवा रंग शोधू नका. तो धूमकेतूच्या डोक्यातल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या वायूच्या गोळ्यातल्या, द्विकार्बन रेणूंचा. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी एवढ्या मंद उजेडात कामच करत नाहीत. पुष्कळ तेजस्वी धूमकेतूत मला फिकट निळसर-हिरवी झाक जाणवली आहे, पण झेडटीएफमध्ये गच्चीवरून नाही.

जागेबद्दल. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर उभा आहे, त्यामुळे सूर्यास्तानंतर पश्चिमेला टेकलेला धूमकेतू शहरातल्या बहुतेक गच्च्यांवरून हातचा जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आला तेव्हा हे फार जाणवलं. नवी मुंबईचं उलट आहे. तिथे पश्चिमेला खाडी, क्षितिज मोकळं, पण पूर्वेला पारसिक आणि खारघरचे डोंगर, म्हणून पहाटेचा धूमकेतू उशिरा वर येतो. धूमकेतू कुठल्या दिशेला आणि क्षितिजापासून किती वर आहे हे आधी पाहा, मगच जागा ठरवा. तीस अंशांच्या वर असेल तर तुमची गच्ची पुरेशी आहे. पाण्याच्या टाकीची सावली घ्या, म्हणजे समोरच्या टॉवरचा दिवा थेट डोळ्यात येणार नाही. सोसायटीच्या गच्चीवर हॅलोजन असेल तर सेक्रेटरींना आदल्या दिवशी भेटून सांगा. ऐनवेळी वॉचमनशी हुज्जत घालून दिवा बंद होत नाही. रात्री येऊरच्या जंगलात जायचा विचार मात्र मनात आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे बिबटे आहेत.

मुरबाडला गेलात तर पश्चिमेला कल्याण-डोंबिवलीचा उजेड राहतोच. डोक्यावरचं आणि पूर्वेचं आकाश तिथे खरं चांगलं. आपल्याकडे हिवाळ्यात आणखी एक अडचण असते, ती धुरक्याची. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन बसून राहते, आणि धूर-धूळ तिच्यातच कोंडते. पहाटे ते सर्वांत दाट असतं, खाडीजवळ तर विचारूच नका. उत्तरेकडून वारा सुटला की त्या रात्री आकाश धुतल्यासारखं होतं. असा वारा संध्याकाळी अंगाला लागला तर बाकीची कामं बाजूला ठेवा.

आता थंडी. ठाण्यात पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचित जातो, त्यामुळे आपण थंडीला हसण्यावारी नेतो. पण तास-दीड तास हालचाल न करता उघड्यावर बसलं की हीच थंडी हाडात शिरते. शेतावर तर गवत ओलं असतं आणि जमीन खालून ऊब ओढून घेते. नुसती चटई पुरत नाही. जाड पुठ्ठा किंवा थर्माकोलचा पत्रा, त्यावर सतरंजी, त्यावर गोधडी. कानटोपी, पायात दोन मोजे. लोकरीचे हातमोजे घ्या आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि पुढच्या दोन बोटांचं टोक कापा, म्हणजे पेन्सिल हाताला लागते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या मोज्यात सरकवा आणि मांडीवर ठेवा. दर दहा मिनिटांनी बोटं तिच्यावर टेकवायची. गारठलेल्या बोटांनी रेघ थरथरते हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे माणूस लवकर उरकायला बघतो. घाईत पाहिलेला धूमकेतू नेहमी गोलच दिसतो.

मफलर नाकावरून घेऊ नका. श्वास वर जातो आणि थेट डोळ्याकडच्या काचेवर बसतो. हनुवटीखाली गुंडाळा, आणि दुर्बीण डोळ्याला असताना श्वास खाली सोडा.

दवाचं कारण कळलं की उपाय आपोआप सुचतात. काच उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते. म्हणजे काचेला आणि आकाशाला एकमेकांपासून जमेल तेवढं झाकायचं. पुढच्या दोन्ही नळ्यांना काळ्या कार्डपेपरच्या बोटभर लांब टोप्या करून रबरबँडने बसवा. पाहत नसाल तेव्हा दुर्बीण छातीवर उताणी ठेवू नका, शालीखाली घ्या. आणि कागद, पेन्सिली, नकाशा यांच्यावर एक मोठी काळी छत्री उघडून ठेवा. पावसाळ्यातली घरची छत्री चालेल. छत्रीखालचा कागद उघड्या आकाशाला तोंड देत नाही, म्हणून तो सर्दावत नाही. वीस वर्षांत याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. एवढं करूनही दव बसलंच तर रुमालाने पुसू नका. काचेवर धूळ असते, ओल्या धुळीने लेप ओरखडतो. दुर्बीण शालीत गुंडाळून पाच-सात मिनिटं अंगाशी धरा, दव आपोआप उडतं. एसी लावलेल्या खोलीतून गच्चीवर नेतानाही ती बॅगेत बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. घरी परतल्यावर मात्र ओली दुर्बीण लगेच डब्यात बंद करायची नाही. आधी पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची, मग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची. आपल्या दमट हवेत काचेच्या आतली बुरशी ही दुर्बिणीचा खरा काळ आहे.

डोळ्यांची तयारी. बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या एका झलकेने ती सगळी कमाई जाते. म्हणून नकाशा कागदावर छापून न्या. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर लावा. कागद जेमतेम दिसेल एवढाच उजेड हवा. लाल म्हणून भगभगीत उजेड चालतो असं नाही.

मग तिरकी नजर. दंडपेशी नजरेच्या बरोबर मध्यावर नसतात, बाजूला असतात. धूमकेतूकडे थेट न पाहता त्याच्या शेजारच्या ताऱ्याकडे पाहा आणि लक्ष मात्र धूमकेतूवर ठेवा. तो लगेच मोठा होतो. पुन्हा थेट पाहा, आकसतो. मुलांना हे फार लवकर जमतं; मोठी माणसं नजर बाजूला केली की लक्षही बाजूला नेतात. दुर्बिणीवर बोटाने हलकी टिचकी मारली की हलणारी अंधुक वस्तू आणखी उठून दिसते. पाठ टेकून बसा. आरामखुर्चीच्या हातांवर कोपरं टेकली किंवा लांब झाडूच्या दांड्यावर दुर्बीण तोलली की थरथर अर्ध्यावर येते. बसण्यात आराम नसेल तर बाकी सगळी हुशारी वाया जाते.

आता चित्र. लेकीचा डाग का झाला ते मी न पाहता सांगू शकते, कारण शाळेत दरवर्षी हेच पाहायची. तिने आधी धूमकेतू काढला. त्याची कडा आखली आणि आतून भरलं. धूमकेतूला कडा नसते, आणि कोऱ्या कागदावर एकटा धूमकेतू किती मोठा हे ठरवायला काही आधारच नसतो.

घरीच कंपासने साडेसहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, म्हणजे तेरा सेंटिमीटर व्यास. तुमच्या दुर्बिणीवर ‘साडेसहा अंश’ किंवा ‘हजार मीटरवर ११४ मीटर’ असं लिहिलेलं असेल, दोन्हीचा अर्थ एकच. आता हिशोब सोपा झाला: दोन सेंटिमीटर म्हणजे एक अंश, एक सेंटिमीटर म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी. लिहिलेलं क्षेत्र खरं आहे का ते तपासून घ्या. पुनर्वसूचे दोन ठळक तारे साडेचार अंशांवर आहेत, आणि सप्तर्षींतले पुढचे दोन, क्रतू आणि पुलह, साधारण ५.४ अंशांवर. दुसरी जोडी एका वेळी आरामात मावली पाहिजे. अशी चार वर्तुळं चार कागदांवर काढून परीक्षेच्या पॅडला लावा. कागद गुळगुळीत, जाडसर. एक एचबी आणि एक टू बी पेन्सिल, दोन्ही पॅडला दोऱ्याने बांधलेल्या. गवतात पडलेली पेन्सिल अंधारात सापडत नाही. बॉलपेन नको, सर्दावलेल्या कागदावर त्याची शाई तुटते.

सुरुवात ताऱ्यांपासून. धूमकेतू क्षेत्राच्या मध्यावर आणा आणि दहा मिनिटं त्याच्याकडे दुर्लक्ष करा. सर्वांत ठळक तीन तारे आधी, त्यांचा त्रिकोण जमेपर्यंत पुढे जायचं नाही. घड्याळाच्या काट्यांनी बोला: ‘एक दोनच्या दिशेला, कडेपासून थोडा आत, एक सातच्या दिशेला, निम्म्यावर’. तुम्ही दुर्बिणीतून सांगायचं आणि लेकीने टिंब द्यायचं, मग उलट. दोघांनी मिळून काढायचं असेल तर ही पद्धत फार चांगली. त्या त्रिकोणावर बाकीचे तारे टांगा. ठळक ताऱ्याला मोठं टिंब, अंधुकाला बारीक, किरणं-बिरणं काढायची नाहीत. ध्रुवाच्या दिशेला दुर्बीण किंचित सरकवली की ज्या कडेने नवे तारे आत येतात ती उत्तर. तिथे ‘उ’ लिहा. द्विनेत्रीत चित्र उलटत नाही, ही मोठीच सोय.

मग धूमकेतू. फालतू कागदाच्या तुकड्यावर टू बीने गिरगटा, आणि कागदी स्टंप (छटा पसरवायची गुंडाळलेल्या कागदाची काडी) किंवा कान साफ करायची कापसाची काडी त्यात फिरवून शिशाची पूड उचला. पेन्सिल थेट चित्राला लावायची नाही. काडी अगदी हलक्या हाताने, बाहेरून आत, गोल फिरवत न्यायची. कुठे सुरू झालं हे कागदावरही कळता कामा नये. मग थांबा, पुन्हा पाहा, आणि स्वतःला प्रश्न विचारा. मधोमध ताऱ्यासारखा टोकदार ठिपका आहे, की नुसता दाटपणा? दाटपणा अगदी मध्यावर आहे, की एका बाजूला सरकलेला? प्रकाश मध्यापासून एकसारखा उतरतो, की एकदम? एका बाजूला काठ लवकर संपतो का? कागदावर प्रत्येक उत्तराला एक खूण करायची असते, त्यामुळे ‘माहीत नाही’ म्हणून पुढे जाता येत नाही, पुन्हा दुर्बीण उचलावीच लागते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कापसाला आकार येतो. या दाटपणाला शून्य ते नऊ असा आकडा द्यायची रीत आहे. सगळीकडे सारखाच फिकट तर शून्य, जवळजवळ ताऱ्यासारखा तर नऊ. गच्चीवरचा झेडटीएफ मी तेव्हा चार लिहिला होता.

एक रात्र जरा जवळून सांगते. १३ डिसेंबर २०१८, मुरबाडच्या पलीकडचं एक शेत. विर्टानेन धूमकेतू तेव्हा पृथ्वीच्या फार जवळ आला होता. तीन दिवसांनी, १६ तारखेला, तो सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवर होता, म्हणजे चंद्राच्या तीसपट अंतरावर. धूमकेतूच्या हिशोबात हे उंबऱ्यावर येणंच. रात्री चंद्र मावळेपर्यंत आम्ही चुलीपाशी बसलो, मग साडेअकराला कृत्तिकांच्या खालच्या बाजूला दुर्बीण लावली. तो इतका पसरलेला की पहिल्यांदा मी त्याच्यावरून दोनदा पुढे गेले. वर्तुळात नऊ तारे मांडले, आणि काडीने धूमकेतू उमटवला तेव्हा त्याचं डोकं दीड सेंटिमीटरचं झालं, म्हणजे दीड चंद्राएवढं. गाभ्याच्या उजवीकडे एक बारीक तारा होता, त्याच्यापासूनचं अंतर मी मुद्दाम जपून दिलं. मग गरम पाण्याच्या बाटलीवर हात ठेवून मिथुनेच्या उल्का मोजत बसले. त्या रात्री त्यांचाही जोर होता. एक वाजता पुन्हा दुर्बीण लावली आणि तारा गाभ्याच्या उजवीकडे नव्हता, जवळपास खाली आला होता. मला वाटलं माझंच टिंब चुकलं. बाकीचे आठही तारे जागेवर होते. म्हणजे हलला होता तो धूमकेतू. त्या दिवसांत तो रोज साधारण चार अंश सरकत होता, दीड तासात चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा. कागदावर अर्धा सेंटिमीटर. तेवढं अंतर मी तुटक रेघेने जोडलं, दोन्ही बाजूंना वेळा लिहिल्या. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आकाशातली वस्तू आपल्या पेन्सिलीसमोर जागा बदलते, हे मी त्या रात्रीपर्यंत पुस्तकातच वाचलं होतं.

आणि एक चूक सांगते, कारण ती तुमच्या लेकीच्या हातूनही होईल. जानेवारी २०१५ मध्ये लव्हजॉय धूमकेतू कृत्तिकांच्या पश्चिमेला होता, चौथ्या प्रतीच्या आसपास. त्या दिवशी सकाळी मी त्याचा एक सुरेख फोटो पाहिला होता, लांब शेपटीचा. संध्याकाळी गच्चीवर बसले आणि माझ्या चित्रात शेपूट आली, खाली पश्चिमेकडे वळलेली. मला ती दिसली अशी माझी खात्री होती. आठवड्याने जुने कागद लावताना लक्षात आलं की सूर्य त्या वेळी पश्चिमेलाच मावळला होता, म्हणजे शेपूट पूर्वेकडे हवी. ती सूर्यापासून दूर जाते, सूर्याकडे नाही. फोटो छापताना फिरवलेला होता आणि मी तो जसाच्या तसा आकाशात पाहिला. त्या कागदावर मी लाल पेन्सिलीने फुली मारली, पण फाडला नाही. तेव्हापासून धूमकेतू पाहायच्या दिवशी मी त्याचा फोटो पाहत नाही, लागतो तेवढा ताऱ्यांचा नकाशा पाहते. शेपूट दिसली असं वाटलं तर दुर्बीण काढून घेते, डोळे मिटते, पुन्हा लावते, आणि तीन वेळा त्याच जागी दिसली तरच काढते. सूर्याची दिशा चित्र पूर्ण झाल्यावर तपासते. शेपूट नसलेलं चित्र अपुरं नसतं. ठाण्याहून बहुतेक वेळा तीच खरी नोंद असते, हे लेकीला आधीच सांगून ठेवा.

कागदाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा, दुर्बीण, आणि त्या भागात नुसत्या डोळ्यांनी दिसलेला सर्वांत अंधुक तारा एवढं लिहा. वेळ भारतीयच लिहा आणि शेजारी साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ, संध्याकाळी ७.४० म्हणजे १४.१०. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ नक्कल काढायला हरकत नाही, पण रात्रीचा मूळ कागद खोडायचा नाही. तेजस्विता मोजायची असेल तर जवळच्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यांचा फोकस बिघडवून त्यांना धूमकेतूएवढं पसरट करायचं आणि कोणता जास्त उजळ ते पाहायचं. पहिल्या वर्षी हे सोडून दिलंत तरी चालेल.

धूमकेतू पहाटे क्षितिजाजवळ असेल तर एक पथ्य कडक पाळा. सूर्योदयाच्या किमान अर्धा तास आधी दुर्बीण बंद करून खाली ठेवायची, मुलांच्या हातात द्यायची नाही. दुर्बिणीतून सूर्य एकदा जरी डोळ्यात गेला तर ती इजा भरून येत नाही.

पुढचा चांगला धूमकेतू कधी येईल याची वाट पाहत बसायची गरज नाही. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत संध्याकाळी देवयानी दीर्घिका डोक्याच्या आसपास असते. द्विनेत्रीत ती हुबेहूब धूमकेतूसारखी दिसते: लांबट, कडा नसलेली, मध्ये दाट. अठराव्या शतकातले फ्रेंच धूमकेतूशोधक मेसिए यांनी आपली प्रसिद्ध यादी केली ती धूमकेतू शोधणाऱ्यांनी अशा पुसट डागांना फसू नये म्हणून, आणि देवयानी त्या यादीत एकतिसावी आहे. फसवणारी वस्तू सरावाला उत्तम. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या पाच ताऱ्यांचा ‘एम’ शोधा, त्यावरून देवयानीच्या ताऱ्यांच्या ओळीवर उतरा. पहिल्या संध्याकाळी लेकीला दीर्घिका काढूच देऊ नका, भोवतालचे आठ-दहा तारेच मांडायला सांगा. दुसऱ्या संध्याकाळी त्याच कागदावर काडी फिरवू द्या. आठवड्याने पुन्हा नवा कागद. तिसऱ्या कागदावर ती लांबट आली, गोल नाही आली, की मला कळवा. मग मुरबाडला जायची तारीख ठरवू. छत्री मी आणते.